तलाव कार्पोरेशनचा, पण दार कुणाचं?

मार्च संपत आला की बेळगावात घराघरात एकच चौकशी सुरू होते, यंदा पोराला पोहायला कुठं घालायचं, गोवावेसच्या तलावाला का जेएनएमसी मेडिकल कॉलेजच्या, बॅच कितीची, फी किती, बायकांची वेळ वेगळी हाय का, कॅम्पात (लष्कराच्या छावणीत) कुणाची ओळख हाय का बघ की जरा. आणि त्यात कुणीतरी एकजण म्हणतोच, अहो तो गोवावेसचा तलाव कार्पोरेशनचा नव्हे काय, मग चालवतंय कोण? त्यावर उत्तर कुणाकडंच नसतं आणि विषय फीवर येऊन थांबतो. पालिकेनं पोहायचे तलाव कसे चालवावेत यावर दर उन्हाळ्यात वाद होतात, पण हा प्रश्न आला कुठनं ते फारसं कुणी सांगत नाही, म्हणून ही थोडी मागची गोष्ट.

आधी माझं सांगतो. मी वडगावकडच्या एका शेतातल्या विहिरीत पोहायला शिकलो, मामानं पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधला आणि दिलं ढकलून. फी नाही, बॅच नाही, क्लोरीन तर शब्दच ऐकला नव्हता. चार दिवसांत डबा सुटला आणि आठव्या दिवशी मुटका मारायला लागलो. आज हे सांगताना लई गोड वाटतं पण एक गोष्ट तेव्हा डोक्यातच आली नव्हती, विहीर ज्याची तोच ठरवायचा की आत कुणी उतरायचं. आमच्या वर्गातली काही पोरं तिथं कधीच नसायची, ती का नसायची हे कुणी विचारलं नाही, मीही नाही. पोरींचा तर प्रश्नच नव्हता.

आणि नेमकी इथंच, म्हणजे पाण्यात कोण उतरणार हे कोण ठरवणार इथं, सार्वजनिक तलावाची सगळी कथा अडकलेली आहे.

गावात पाण्याच्या जागा काही कमी नव्हत्या. कपिलेश्वराचा तलाव, कपिलतीर्थ, जक्केरी होंड (होंड हा शब्द कन्नडच, म्हणजे तळं किंवा खड्डा, पण आपण तो कधी परका मानला नाही), अनगोळचं तळं, किल्ल्याजवळचा तलाव. आता यातली बरीच नावं फक्त गणपती विसर्जनाच्या दिवशी पेपरात येतात ती गोष्ट वेगळी. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर तर सगळ्यांना माहीत आहे, १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्या गर्दीला पाणी पुरावं म्हणून ती खणली. पण ही सगळी पिण्याची, देवाची नाहीतर धुण्याची पाणी. पोहणं हे त्यातलं फुकटचं, चोरून करायचं काम.

पालिकेनं स्वतःच्या पैशानं लोकांना पाण्यात उतरायला जागा करून द्यायची ही कल्पना मूळची इंग्लंडातली, आणि गंमत म्हणजे तिचा पोहण्याशी काही संबंध नव्हता. १८३२ ला तिथं कॉलऱ्यानं माणसं मेली, गिरण्यांच्या शहरांत एका खोलीत दहा दहा जण राहायचे, अंगाला पाणी लागायचं नाही. १८४२ ला लिव्हरपूलमध्ये पालिकेनं पहिलं धुणं-अंघोळीचं घर उघडलं आणि १८४६ ला पार्लमेंटनं त्याचा कायदाच केला. कायदा वाचायला मजा येते. थंड पाण्याच्या अंघोळीला जास्तीत जास्त एक पेनी, गरम पाण्याला दोन, आणि त्यात स्वच्छ टॉवेल धरून! शिवाय वरच्या वर्गासाठी जितक्या न्हाण्या असतील त्याच्या निदान दुप्पट न्हाण्या कामगारांसाठी असल्याच पाहिजेत असं लिहून ठेवलंय. म्हणजे असं घर काढायचं की नाही ते पालिकेच्या मर्जीवर, पण काढलं तर दर आणि कोटा दोन्ही कायद्यातच. छप्पर घातलेले पोहायचे तलाव त्या कायद्यात नीट आले ते १८७८ च्या दुरुस्तीनंतर, आणि हिवाळ्यात तलाव बंद ठेवून त्या जागेत व्यायामशाळा चालवायची मुभाही तेव्हाच मिळाली. आपल्याकडं तीन महिने तलाव आणि नऊ महिने कुलूप अशी अवस्था बघितली की ते जुनं कलम आठवतं.

हेच इंग्रज इकडं आले तेव्हा मात्र कोटा उलटा झाला. मुंबईत ब्रीच कँडीला पोहायची जागा झाली ती युरोपियनांसाठी. लष्करी ठाण्यांत तलाव झाले ते साहेबासाठी.

आता जरा बाजूला जातो, पण हे बाजूचं नाही. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी ठराव पास करून घेतला, की सरकारी पैशानं बांधलेल्या किंवा सांभाळलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं, म्हणजे हा ठराव आपल्यालाही लागू. कागदावर. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ ला तळं खुलं केल्याचा ठराव केला, तोही कागदावरच राहिला, आणि मग २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले. पुढं ऑगस्टात त्याच नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला, मग कोर्ट, आणि हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. त्या कोर्टातला एक वाद असा होता की तळं सार्वजनिक की खासगी. त्याआधी १९२५ च्या एप्रिलमध्ये आपल्या निपाणीत बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत वर्गाची प्रांतिक परिषद भरली होती, म्हणजे ही चळवळ काही फक्त कोकणातली नव्हे, आपल्या दारातनं गेलेली आहे.

यातनंच पुढं घटनेचं कलम १५(२) आलं. विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते, जे पूर्णतः किंवा अंशतः सरकारी पैशानं चालतात, तिथं धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरनं कुणाला अडवायचं नाही. माझ्या मते त्यातला 'अंशतः' हा शब्द तलावाच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवण्यासारखा आहे. कारण जागा पालिकेची, बांधकाम देणगीचं, चालवायला कॉन्ट्रॅक्टर, असं कितीही त्रांगडं असलं तरी 'आमचा क्लब आहे, आम्ही ठरवू' हे म्हणायला जागा राहत नाही. फी हा भाग मात्र घटनेत नाही. जात विचारून कुणाला परत पाठवता येत नाही, पण सीझनची फी बघून माणूस आपणच परत जातो आणि त्याची नोंद कुठंच होत नाही.

मग पालिकेवर तलावाची जबाबदारी किती? तर इथं आपली गोची सुरू होते. १९४९ च्या मुंबई प्रांतिक महापालिका कायद्यात पालिकेच्या कामांचे दोन कप्पे केले, बंधनकारक आणि ऐच्छिक, आणि पोहण्याचे तलाव, धोबीघाट, स्नानाच्या जागा हे ऐच्छिकमध्ये टाकले. जमलं तर करा. १ नोव्हेंबर १९५६ ला आपल्याला न विचारता (हे मी लिहिणारच) बेळगाव म्हैसूर राज्यात घातलं, पुढं १९७६ चा कर्नाटकाचा महापालिका कायदा आला आणि नगरपालिकेची कार्पोरेशन झाली, कप्पे मात्र तेच दोन. १९९२ च्या ७४ व्या दुरुस्तीनं बाराव्या परिशिष्टात उद्यानं, बागा, क्रीडांगणं पालिकेकडं दिली, तलावाचं नाव तिथंही नाही. ऐच्छिक काम म्हणजे काय ते सांगायला नको, बजेट कापायचं झालं की पहिली कात्री तिथंच.

आणि आपल्याकडं तर कात्री लावणारा सुद्धा बऱ्याचदा निवडून आलेला नसतो. २००५ ला सभागृहानं महाराष्ट्रात जायचा ठराव केला, कार्पोरेशन बरखास्त. २०११ ला पुन्हा बरखास्त. २०१९ च्या मार्चमध्ये मुदत संपली तर निवडणूक झाली सप्टेंबर २०२१ ला, ५८ वॉर्ड, नगरसेवक निवडून आले, पण महापौर बसायला फेब्रुवारी २०२३ उजाडलं. मधली वर्षं प्रशासक. प्रशासक वाईटच असतो असं नाही, फाईल लवकर हलते उलट, पण तलावाची फी का वाढली किंवा मे महिन्यात पंप का बंद होता हे विचारायला आपल्या गल्लीतला माणूस सभागृहात नसतो. सीमाप्रश्नाची किंमत कुठं कुठं भरावी लागते बघा, पार पोहायच्या तलावापर्यंत.

या पोकळीत तलाव जगले ते क्लब, ट्रस्ट, हौशी कोच यांच्या जिवावर, हे मान्य करायला पाहिजे. गोवावेसच्या तलावाच्या नावातच रोटरी आणि कार्पोरेशन दोघं शेजारी बसलेत. बेळगावची पोरं, त्यात अपंग जलतरणपटू सुद्धा, राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांना जातात ती या मंडळींनी पहाटे उठून शिकवल्यामुळं. त्यामुळं 'कॉन्ट्रॅक्टर हाकला आणि कार्पोरेशननं स्वतः चालवावं' असं म्हणणाऱ्यांत मी नाही. सहाला उघडायचा तलाव आठला उघडलेला चालेल काय? दुसऱ्याला चालवायला द्या, पण चालवायला देताना काय लिहून घेतलंत ते दाखवा, इतकंच म्हणणं.

पाण्याचं तर वेगळंच. २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद, सरासरी दीड मीटर खोल असा साधा तलाव धरला तर साधारण ४ लाख ७० हजार लिटर पाणी बसतं. माणशी रोज १३५ लिटर हे जे शहरी पाणीपुरवठ्याचं माप धरतात त्या हिशेबानं साडेतीन हजार माणसांचं एका दिवसाचं पाणी. आता बेळगावचं पाणी येतंय राकसकोपच्या धरणातनं, ते १९६२ चं, आणि नंतर हिडकलच्या धरणातनं. २००८ ला दहा वॉर्डांत चोवीस तास पाण्याचा प्रयोग झाला, तेव्हा बाकीच्या गावात काही दिवसांआड नळ यायचा, आणि अशा गावात तलाव भरायचा म्हटलं की लोक चिडणारच. पण तलाव रोज भरायचा नसतो हे लोकांना कुणी सांगत नाही. एकदा भरला की तेच पाणी फिल्टरमधनं फिरवायचं असतं, सहा तासांत सगळं पाणी एकदा फिरायचं तर पंपानं तासाला ७८ हजार लिटर ओढलं पाहिजे. रोजचा तोटा म्हणजे उन्हानं उडतं ते (पाच-सहा मिलिमीटर धरलं तर दीड-दोन हजार लिटर), अंगाबरोबर बाहेर जातं ते आणि फिल्टर उलटा धुताना जातं ते. म्हणून पंप आणि फिल्टर नीट असलेला तलाव पाणी कमी खातो. फिल्टर बंद पडला की मग पाणी सोडून द्या, नवं भरा हा खेळ सुरू, आणि खरी उधळपट्टी ती.

भरायला सुद्धा नळाचंच पाणी कशाला? १९९५ च्या टंचाईनंतर गावातल्या जुन्या विहिरी उपसून, गाळ काढून पुन्हा वापरात आणल्या होत्या, बेळगावच्या जमिनीत पाणी आहे, ते बापजाद्यांना माहीत होतं. मार्च २०२४ ला बेंगळुरात तर पाणी मंडळानं पिण्याचं पाणी पोहायच्या तलावाला वापरायला बंदी घातली आणि ५००० रुपये दंड लावला. ती वेळ यायच्या आधी विहिरीचं पाणी तपासून, शुद्ध करून तलावाला जोडायला काय हरकत?

शुद्ध म्हटलं की वासाचं सांगतो. तलावावर गेलं की डोळे चुरचुरतात, नाकात वास जातो आणि आपण म्हणतो क्लोरीन जास्त टाकलाय. बऱ्याचदा उलट असतं. तो वास क्लोरीन आणि घाम-लघवी यांच्या मिश्रणाचा, म्हणजे क्लोरीन कमी पडलाय आणि पोरं अंघोळ न करता उड्या मारतायत. मोकळा क्लोरीन लिटरला एक ते तीन मिलिग्रॅम, पीएच (पाण्याची आम्लता मोजायचं माप) ७.२ ते ७.८, असं साधारण ठेवतात, आणि उघड्या तलावात ऊन क्लोरीन खातं म्हणून ते दिवसातनं दोन-तीनदा मोजावं लागतं. मी लेकाला ज्या तलावावर घालत होतो (नाव नको) तिथं हे आकडे लिहायचा काळा फळा होता, दोन महिन्यांत त्यावर एकदाच आकडे बघितले. बाकी दिवस त्यावर 'चप्पल बाहेर काढा' लिहिलेलं.

तेही फक्त कन्नडमधनं आणि इंग्रजीतनं. आता यावर लोक म्हणतील आणला भाषावाद. पण खोल पाणी कुठनं सुरू होतं ते वाचता आलं पाहिजे की नको? भाषिक अल्पसंख्याकांसाठी १९५६ चं केंद्राचं निवेदन आहे, जिथं १५ ते २० टक्क्यांच्या वर लोक आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही काढाव्यात म्हणून. आजीबरोबर आलेलं पोर खोल बाजूला चाललंय आणि आजीला फक्त मराठी वाचता येतंय, तिला काय करायचंय कुठलं राज्य आहे ते.

तर तलाव चालवायला द्यायचं पुढचं टेंडर निघेल तेव्हा मी काय बघणार ते सांगतो. फी किती हे सगळेच बघतील. मी बघणार की सरकारी मराठी, कन्नड, उर्दू शाळांतल्या पोरांना आठवड्यातनं किती तास फुकट, बायकांची वेळ भर दुपारी बाराला ढकललीय का संध्याकाळी आहे, लाइफगार्ड एका बॅचला किती, पाण्याचे आकडे रोज फळ्यावर लिहिले नाहीत तर दंड कुणाला, आणि फी वाढवायचा अधिकार चालवणाऱ्याला दिलाय का सभागृहाकडं ठेवलाय. १८४६ च्या इंग्लंडात टॉवेलसुद्धा लिहून घेतला होता. आपल्याकडं टॉवेल घरनं आणू आम्ही, त्याचं काही नाही.