कॅस्केड की सिट्रा? आंबा, कोकम आणि तिरफळाच्या घरगुती बिअरसाठी हॉप्सची निवड

हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी एका वेलीची फुले. त्यांच्या पाकिटांवर ‘सिट्रस’ (लिंबूवर्गीय) हा शब्द इतक्या सर्रास छापलेला असतो की, घरी बिअर करू लागलेला माणूस कॅस्केड आणि सिट्रा या दोन्ही जाती एकाच पठडीतल्या समजतो आणि दुकानात जी मिळेल ती घेऊन येतो. साध्या पेल एलमध्ये (फिकट रंगाच्या बिअरमध्ये) ही अदलाबदल खपून जाते. मात्र त्याच बिअरमध्ये हापूसचा रस, कोकम किंवा तिरफळ घालायचे ठरवले की या दोन जातींमधला फरक प्रत्येक घोटात जाणवू लागतो. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये राहून आपल्याकडचे पदार्थ बिअरमध्ये आणू पाहणाऱ्या मराठी मंडळींना हा प्रश्न वारंवार पडतो, म्हणून त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. (अमेरिकेत 1978 च्या संघीय कायद्याने घरगुती बिअरला मोकळीक मिळाली आणि अलाबामा व मिसिसिपी या राज्यांनी 2013 मध्ये ती मान्य केली. महाराष्ट्रात मात्र 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, हे येथील वाचकांनी ध्यानात ठेवावे.)

कॅस्केड ही अमेरिकेच्या कृषी खात्याने ओरेगनमध्ये तयार केलेली जात असून तिच्या वंशावळीत इंग्लंडची फगल आणि रशियाची सेरेब्रियांका या जुन्या जाती आहेत. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ती लागवडीसाठी खुली झाली आणि सिएरा नेवाडा या अमेरिकन बिअर कंपनीच्या पेल एलमुळे तिचा वास हीच अमेरिकन क्राफ्ट बिअरची ओळख ठरली. सिट्रा त्या मानाने बरीच अलीकडची. ती खाजगी पैदास कार्यक्रमातून आली आणि 2008 च्या सुमारास बाजारात उतरली.

दोन्हींचे पेलेट (हॉप्स दाबून केलेल्या गोळ्या) तळहातावर चुरडून पाहावेत. कॅस्केडमध्ये पपनसाची जाड साल सोलताना उडणाऱ्या तुषाराचा वास येतो, त्याच्यामागे फुलांचा मंद सुगंध असतो आणि तळाशी चीडाच्या राळेची किंचित झाक असते. सिट्राचा पहिला झोत लिंबाच्या सालीचा असतो, पण क्षणभरातच तो पिकलेला आंबा, लिची आणि पॅशनफ्रूट यांच्याकडे वळतो. म्हणजे कॅस्केड सालीपाशी थांबते, तर सिट्रा थेट गरापर्यंत जाते. माझ्या मते निवडीची गुरुकिल्ली येथेच आहे: जो पदार्थ बिअरमध्ये स्वतःचा वास गमावून बसतो त्याला सिट्राचा आधार द्यावा आणि ज्याचा वास मुळातच नाजूक किंवा आगळा आहे त्याच्यासाठी कॅस्केड घेऊन जागा मोकळी ठेवावी.

त्याआधी कडूपणाचा हिशेब पाहू, कारण बहुतेक घोटाळे तिथेच होतात. कॅस्केडमध्ये अल्फा आम्ले (उकळल्यावर कडूपणा देणारी द्रव्ये) साधारण 4.5 ते 7 टक्के असतात, तर सिट्रामध्ये 11 ते 13 टक्के किंवा त्याहूनही थोडी अधिक. समजा, 20 लिटर वर्टची (माल्टच्या गोड काढ्याची) मूळ घनता, म्हणजे आंबवण्याआधीची पाण्याच्या तुलनेतली घनता, 1.050 आहे आणि तुम्ही 20 ग्रॅम हॉप्स एक तास उकळता. 6 टक्क्यांच्या कॅस्केडमधून सुमारे 14 आयबीयू (कडूपणा मोजण्याचे एकक) मिळतील, तर 12 टक्क्यांच्या सिट्रामधून सुमारे 28. पाककृतीत ‘20 ग्रॅम सिट्रस हॉप्स’ असे वाचून डोळे झाकून अदलाबदल केली, तर कडूपणा दुप्पट होतो. त्यामुळे वजन न पाहता पाकिटावर छापलेला अल्फाचा आकडा पाहावा.

आता आंबा. हापूसचा रस फसफसत्या बिअरमध्ये घातला की यीस्ट त्यातली साखर खाऊन टाकते. उरतो तो आंबटपणा, रेषा आणि वासाचा एक अंश, तोही बाहेर पडणाऱ्या वायूबरोबर बराचसा उडून जातो. गोडव्याशिवाय आंबा आपल्या जिभेला ओळखू येत नाही. म्हणूनच घरच्या मँगो बिअरबद्दल ‘आंबा कुठे आहे?’ असा प्रश्न हमखास ऐकू येतो. येथे सिट्रा खरोखर कामाची आहे. यीस्टचा जोर ओसरल्यावर 20 लिटरला 40 ते 50 ग्रॅम सिट्रा दोन-तीन दिवस ड्राय हॉपिंगसाठी (म्हणजे न उकळता, केवळ वासासाठी) घातली, तर तिच्यातला आंब्यासारखा वास रसाच्या उरलेल्या वासाला उचलून धरतो. कॅस्केडने हे साधत नाही. तिच्या पपनसी कडवटपणापुढे आंबा कैरीकडे झुकतो. परदेशात बहुधा डबाबंद रसच वापरावा लागतो, तेव्हा लेबल नीट वाचावे. त्यात पोटॅशियम सॉर्बेट किंवा सोडियम बेंझोएट असेल तर यीस्टची वाढ खुंटते, आणि वरून घातलेली साखर पूर्ण आंबण्याआधी बिअर बाटलीत भरली तर बाटली फुटण्याचा धोका असतो. ड्राय हॉपिंगनंतर हॉप्समधल्या विकरांमुळे आंबवण पुन्हा किंचित सुरू होऊ शकते, म्हणून घनता सलग काही दिवस स्थिर राहिल्याची खात्री करूनच बाटल्या भराव्यात.

कोकमाची गोष्ट नेमकी उलट आहे. त्याचा रंग आणि आंबटपणा ठसठशीत असतो, पण वास हलका असतो. सिट्रा घातली की तो वास पुरता दडपला जातो आणि हाती लाल रंगाची सिट्रा बिअर येते. शिवाय आंबट आणि कडू एकमेकांवर चढले की जिभेला करकरीतपणा जाणवतो, म्हणून कोकमाच्या बिअरमध्ये कडूपणा 10 आयबीयूच्या आसपासच ठेवणे मला योग्य वाटते. इतका अल्प कडूपणा कॅस्केडने मोजून देता येतो. सिट्राच्या बाबतीत दोन-चार ग्रॅमची चूकही महागात पडते. उकळ संपताना 15 ग्रॅम कॅस्केड घातली तर फुलांचा पुसट सुगंध मिळतो आणि कोकम झाकला जात नाही. आमसुले बऱ्याचदा खारवलेली असतात, हे मात्र विसरू नये. तो खारटपणा टाळायचा नसेल, तर जर्मनीच्या लायपझिगशी जोडलेल्या गोझे या आंबट बिअरचा साचा घ्यावा, कारण तिच्यात मीठ आणि धणे परंपरेनेच घालतात. धण्यांतही लिनालूल हे सुगंधी द्रव्य भरपूर आणि जेरॅनिऑल हे दुसरे थोडे असते. हॉप्सच्या तेलातही ही द्रव्ये असतात. यीस्ट जेरॅनिऑलच्या काही भागाचे सिट्रोनेलॉल बनवते, ज्याचा वास लिंबाकडे झुकणारा असतो. त्यामुळे धणे असतील तेव्हा कॅस्केडही कमीच लागते.

तिरफळासाठीही माझा कौल कॅस्केडलाच आहे. कोकण-गोव्यात बांगड्याच्या आमटीत पडणारे हे फळ सिचुआन मिरीच्या कुळातले असून त्याच्या टरफलात संत्र्याची साल, ओले लाकूड आणि जिभेला मुंग्या आणणारा तिखटपणा एकत्र नांदतात. काळी बी काढून टाकावी आणि टरफले उकळ संपायला पाच मिनिटे असताना घालावीत. कॅस्केडची राळ आणि पपनसाची साल तिरफळाच्या लाकडी वासाशी जुळते, तर सिट्राचा आंबा-लिचीचा गोड वास त्याला परका वाटतो.

पूर्ण घाणा करण्याआधी जोडी जमते की नाही हे पाहायचे असेल, तर साध्या, हलक्या चवीच्या लागर बिअरच्या दोन बाटल्या आणाव्यात. एकीत कॅस्केडचे आणि दुसरीत सिट्राचे दोन-तीन पेलेट टाकून लगेच नवे बूच बसवावे, कारण फेस झपाट्याने वर येतो. दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवून बिअर गाळावी आणि पेल्यात चमचाभर आंबारस, कोकमाचे आगळ किंवा तिरफळाचा काढा मिसळून वास घ्यावा. यासाठी वापरलेली कॅस्केड ताजीच असावी. ती साठवणीत लवकर उतरते आणि सामान्य खोलीच्या तापमानाला सहा महिन्यांत तिची सुमारे निम्मी अल्फा आम्ले नाहीशी होतात, तर सिट्रा तुलनेने बरीच टिकते. उघडलेले पाकीट हवा काढून बंद करावे आणि फ्रीझरमध्ये ठेवावे.