शिराताकी आणि हारुसामे: दिसतात जुळ्या बहिणी, पण शुगरचं काय?

जपानात डायबेटीसवाल्यांनी भात, सुशी, रामेन जपून खायचं हे कुणी वेगळं सांगावं लागत नाही, खरा घोळ होतो तो त्या पांढऱ्या काचेसारख्या शेवयांपाशी. आई इथे तोक्योला आली होती तेव्हा मी सुपरमार्केटमधून एक पाकीट आणलं, मोबाईलवर ट्रान्सलेट केलं तर त्यात चक्क मूग, म्हटलं मूग म्हणजे पथ्याचंच की, आईपण खूश, वाडगाभर खाल्लं आणि दोन तासांनी ग्लुकोमीटरचा आकडा बघून दोघी गप्प.

तर ते होतं हारुसामे, आणि आणायचं होतं शिराताकी.

शिराताकी होते कोन्याकू नावाच्या कंदापासून. हा आपल्या सुरणाच्याच घराण्यातला, अगदी जवळचा नातेवाईक, आणि जपानातलं त्याचं ९० टक्क्यांहून जास्त पीक एकट्या गुन्मा प्रांतात येतं. कंदाचं पीठ पाण्यात कालवायचं, त्यात खायचा चुना (हो, पानाला लावतो तोच प्रकार) घालून घट्ट करायचं आणि बारीक भोकांतून गरम पाण्यात सोडायचं, शेव पाडतो तसंच. यात असतं ग्लुकोमॅनन, म्हणजे फायबर, ते आपल्याला पचतच नाही मग शुगर वाढणार कुठून! १०० ग्रॅममधले ९६-९७ ग्रॅम तर नुसतं पाणी, कार्ब ३ ग्रॅमच्या आसपास आणि तेही जवळपास सगळं फायबरच.

हारुसामे म्हणजे बटाट्याचा, रताळ्याचा नाहीतर मुगाचा स्टार्च. मुगाचं ऐकून मी फसले ते इथेच, कारण मुगातलं प्रोटीन, सालं, जे काही चांगलं ते सगळं आधीच काढून टाकलेलं असतं. सुक्या १०० ग्रॅममध्ये ८५ च्या आसपास कार्ब, शिजवून पाणी पिऊन फुगल्यावरही १०० ग्रॅमला साधारण २०. म्हणजे कंद दिसला की नको आणि मूग दिसला की चालेल हे आपलं घरचं गणित इथे बरोब्बर उलटं. (म्हणून सुरणाची भाजी मोकळी झाली असं नाही हां, सुरणात स्टार्च असतोच.) हारुसामे सूपचे कप डाएटचे म्हणून खपतात, पण कॅलरी कमी दिसतात कारण कपात शेवयाच मोजक्या असतात.

ओळखायचं कसं? शिराताकी पाण्याने भरलेल्या पिशवीत, बहुतेक तोफूच्या आसपास फ्रिजमध्ये, हारुसामे कोरडं, कडक. हॉटेलात काकडी, हॅम घातलेल्या गार सॅलडमध्ये हारुसामे असतं, वर व्हिनेगरबरोबर साखरपण. सुकियाकीत (मांस-भाज्या एकत्र शिजवलेला पदार्थ) शिराताकी असते पण रश्श्यात साखर आणि गोड मिरिन (स्वयंपाकात घालायची तांदळाची दारू), निकुजागामध्ये (मांसाचा गोडसर रस्सा) तर सोबत बटाटेच. त्यातल्या त्यात ओदेन (पातळ रश्श्यात मंद उकळलेले मुळा, अंडी वगैरे) बरं, त्यात शिराताकीची गाठ मारलेली जुडी मिळते, मात्र पाणी माशाचं असतं, शाकाहारी लोकांनी लक्षात ठेवा. पाकिटावर तोशित्सु असा आकडा असेल तर तो बघा, फायबर वजा करून उरलेले कार्ब म्हणजे तोशित्सु.

इन्सुलिन किंवा शुगर एकदम खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील तर भात बंद करून एकदम शिराताकीवर यायच्या आधी डॉक्टरांशी बोला, डोस तोच राहिला आणि कार्ब गेले तर शुगर खाली कोसळते.

आणि शिराताकीची पिशवी फोडली की मासळीसारखा वास येतो, घाबरू नका, खराब नाहीये, धुऊन दोन-तीन मिनिटं उकळा, मग कोरड्या तव्यावर परतून पाणी उडवा. आई आता मोहरी-कढीपत्त्याची फोडणी देऊन त्याचा शेवयांचा उपमा करते. रबरासारखा लागतो खरं सांगायचं तर, पण लिंबू पिळलं की खपतो.