टॅबवर उरतात पाच अक्षरं

परवा माझ्या ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडे होते आणि त्यांतल्या सातांवर पानाच्या शीर्षकातलं नुसतं 'मुख्यपृ' दिसत होतं. हवं ते पान शोधायला एकेक टॅब उघडून बघत बसलो.

हिशोब करून बघा. पडदा १९२० पिक्सेल रुंद, टॅब वीस, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ९६ पिक्सेल. त्यातून छोटं चिन्ह आणि कडेची मोकळी जागा वजा केली की शीर्षकाला पाच-सहा अक्षरांपुरती जागा उरते. बाकीचं शेपूट ब्राउझर छाटून टाकतो. म्हणून शीर्षकात त्या पानाचं वेगळेपण आधी यावं, संकेतस्थळाचं नाव नंतर. हे काही नवं नाही. वेबपानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलच्या २.० आवृत्तीच्या १९९५ सालच्या दस्तऐवजातच शीर्षक ६४ वर्णांपेक्षा कमी ठेवा आणि नुसतं 'प्रस्तावना' लिहू नका, संदर्भ सुटला की ते निरर्थक होतं, असं बजावलं आहे.

आता 'शीर्षक ६० अक्षरांत बसवा, सर्चमध्ये वर याल' असा मंत्र विकणारे भेटतात. मुहूर्त काढून देण्यातलाच तो प्रकार! गूगल शीर्षक कापतं ते साधारण उपकरणाच्या रुंदीप्रमाणे, अक्षरं मोजून नव्हे. शिवाय मराठीत अक्षर म्हणजे नेमकं काय?

'विद्यार्थी' घ्या. आपल्याला तीन अक्षरं दिसतात: वि, द्या, र्थी. संगणकाच्या लेखी मात्र व, वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ, वेलांटी असे दहा संकेत आहेत. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे एकूण तीस. एखाद्या प्रोग्रामने संकेत मोजून आठव्यानंतर कात्री चालवली, तर उरतं 'विद्यार्'. 'थी'च्या डोक्यावर बसलेला रफार पाय मोडलेला 'र्' होऊन खाली येतो, कारण साठवताना तो 'थ'च्या आधीच असतो. डोक्यावर चढवण्याचं काम फॉन्ट करतो. चौथ्यानंतर कापलं तर 'विद्'! शीर्षक आपोआप आखूड करणारी प्रणाली वापरत असाल, तर ती जोडाक्षराच्या मधोमध कापत नाही ना, हे एकदा तपासा.

ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, त्यांच्यासाठी स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम, पान उघडताच सहसा आधी शीर्षकच वाचतो. अर्ज भरून 'पाठवा' दाबल्यावर चूक निघाली, तर 'त्रुटी: मोबाइल क्रमांक अपूर्ण – नोंदणी' असं शीर्षक बदलून द्यावं. जुनंच शीर्षक कानावर पडलं, तर अर्ज गेला की अडकला हे कळायला त्यांना पुन्हा सगळं पान ऐकावं लागतं.