काही लागलं तर सांग, आणि न सांगणारी आई

बाळंतपणानंतर आजूबाजूचे सगळे एक वाक्य हमखास म्हणतात, काही लागलं तर सांग. मनापासूनच म्हणतात. पण काही बायकांना ते सांगताच येत नाही, आणि काहींचा सांगितल्यावर समोरचा खरंच येईल यावर विश्वासच नसतो. डिलिव्हरीच्या आगेमागे येणाऱ्या डिप्रेशनचा एक धागा इथेच सापडतो.

ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांचं म्हणणं होतं की घाबरलेलं मूल आधाराच्या माणसाकडे धावतं, आणि तिथे त्याला काय मिळतं त्यावरून हाक मारली तर कुणी येतं की नाही याचा अंदाज मनात पक्का होत जातो. पुढे मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी वर्षभराच्या बाळांना आईपासून थोडा वेळ वेगळं ठेवून बघितलं. आई परत आली की काही बाळं पटकन शांत झाली, काही तिला चिकटूनही रडतच राहिली आणि काहींनी तिच्याकडे बघितलंही नाही. या न बघणाऱ्या बाळांच्या हृदयाचे ठोके नंतर इतर संशोधकांनी मोजले तर ते चांगलेच वाढलेले निघाले, म्हणजे वरून शांत आणि आतून घाबरलेली! मला ही गोष्ट कायम आठवते, कारण मोठेपणी अशी बाई आई झाली की सगळं एकटीच उरकते, विचारलं तर मस्त चाललंय म्हणते, आणि तिचं डिप्रेशन कुणाच्या लक्षातच येत नाही.

दुसरी आई, त्या चिकटूनही रडत राहणाऱ्या बाळांसारखी, सतत धास्तावलेली, नवरा मला सोडून तर जाणार नाही ना, मी आई म्हणून कमी पडतेय का. 2003 मधल्या एका अभ्यासात अशा बायकांना गरोदरपणी नवऱ्याचा आधार कमी वाटत असेल तर डिलिव्हरीनंतर डिप्रेशनची लक्षणं वाढलेली दिसली. म्हणजे नुसत्या स्वभावाने नाही, स्वभाव आणि आधाराची उणीव एकत्र आली की जास्त त्रास. अर्थात आधी कधी डिप्रेशन येऊन गेलेलं असणं, झोपमोड, घरातली हिंसा हेही आहेच, आणि सुरक्षित अटॅचमेंट असलेल्या, म्हणजे हाक मारली तर कुणीतरी येईल असा विश्वास असलेल्या बाईलाही डिप्रेशन येतं. शिवाय ही अटॅचमेंटची स्टाईल, म्हणजे जवळच्या माणसांवर विसंबण्याची पद्धत, काही जन्मभराचा शिक्का नाही, चांगल्या नात्यात आणि थेरपीत ती बदलते.

पहिल्या काही दिवसांचं रडू, ज्याला बेबी ब्लूज म्हणतात, साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही उदास वाटत असेल, बाळ झोपलं तरी झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल तर डॉक्टरकडे जायलाच हवं. जागतिक आरोग्य संघटनेनुसार जगात बाळंतपणानंतर जवळपास 13 टक्के बायकांना मानसिक आजार होतो, मुख्यतः डिप्रेशन, म्हणजे हे काही जगावेगळं नाही. तपासायला 1987 पासून एडिनबरा स्केल आहे, फक्त 10 प्रश्नांचं, आणि शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. त्याचं उत्तर हो आलं तर त्याच दिवशी मदत मिळवायची, थांबायचं नाही.

आणि घरच्यांनी, काही लागलं तर सांग म्हणण्यापेक्षा रात्री दोन वाजता बाळ रडलं की आपणच उठावं, तिने हाक मारायच्या आधी.