जेवणाच्या सुट्टीतली कुजबुज

१९७७ साली कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉप इथल्या एका कीटकनाशकांच्या कारखान्यात कामगारांच्या गप्पांमधून एक गोष्ट पुढे आली: एकाच विभागात राबणाऱ्या कित्येकांच्या घरी पाळणा हलत नव्हता. तपासणी झाली, तेव्हा काहींच्या वीर्यात शुक्राणूंचा मागमूसही नव्हता. कारण निघालं डीबीसीपी. पिकांच्या मुळांना लागणाऱ्या सूत्रकृमींवरचं औषध. चीड आणणारी गोष्ट अशी, की त्याने उंदरांची वृषणं आक्रसतात हे १९६१ सालीच छापून आलं होतं.

इतका उशीर का लागला? कारण त्या पुरुषांना कसलाच त्रास नव्हता. कामेच्छा होती तशीच, वीर्यही नेहमीसारखं. वीर्यात शुक्राणूंचा वाटा जेमतेम काही टक्के. ते नसले तरी नुसत्या डोळ्यांना काय कळणार? टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक बनवणाऱ्या पेशी वेगळ्या आणि शुक्राणू घडवणाऱ्या वेगळ्या. विषाने घाला घातला होता तो शुक्राणू घडवणाऱ्यांवर.

मूळ पेशीपासून शुक्राणू घडायला सुमारे ७४ दिवस लागतात. मग वृषणाला चिकटलेल्या नागमोडी नळीतून जात तो पोहायला शिकतो, त्यात आणखी आठवडा-दोन आठवडे. म्हणून आज तपासलेलं वीर्य तीन महिन्यांपूर्वीपासूनची हकिगत सांगतं. धूम्रपान सोडलं किंवा शिशाच्या धुरातलं काम सुटलं, तरी लगेच पुढच्या आठवड्यात तपासून उपयोग नाही. अर्थात भरपाई होते ती मूळ पेशी शाबूत असतील तरच. डीबीसीपीने त्यांनाच गाठलं. काही कामगारांचे शुक्राणू परतले, काहींचे कधीच नाहीत.

हे झालं मोठ्या माणसाचं. मला जास्त अस्वस्थ करतं ते गर्भातलं. शुक्राणूंना वाढवणाऱ्या दाईसारख्या पेशी असतात, सर्टोली पेशी. त्यांची संख्या गर्भात आणि वयात येण्याआधी ठरते, नंतर वाढत नाही. एक दाई ठरावीकच पोरं सांभाळणार. म्हणजे पुढच्या आयुष्यात शुक्राणू किती, याची कमाल मर्यादा तेव्हाच आखली जाते. प्लॅस्टिक मऊ करणारी काही थॅलेट रसायनं उंदराच्या नर गर्भात टेस्टोस्टेरॉन घटवतात, हे प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. डीडीटी या कीटकनाशकापासून बनणारं डीडीई आणखी लबाड: ते टेस्टोस्टेरॉनची जागाच अडवून बसतं, कुलपात भलतीच किल्ली अडकावी तसं.

मग जगभर शुक्राणू घटताहेत का? १९९२ साली डेन्मार्कच्या संशोधकांनी ६१ अभ्यास एकत्र करून सांगितलं, की १९४० ते १९९० या काळात सरासरी मिलिलिटरला ११.३ कोटींवरून ६.६ कोटींवर आली. वाद अजून मिटलेला नाही. मोजण्याच्या पद्धती बदलल्या, नमुना द्यायला कोण पुढे येतं तेही बदललं. शिवाय वजन वाढलं, बैठं काम वाढलं. घट खरी असावी असं माझं मत. पण सगळं खापर रसायनांवर फोडणं घाईचं.

माणसात पुरावा गोळा करणंही जिकिरीचं. थॅलेटं दिवसभरात लघवीवाटे निघून जातात. मुलाच्या वीर्याशी सांगड घालायची, तर आई गरोदर असताना तिच्या लघवीचे नमुने जपून ठेवायचे आणि मग वीस वर्षं थांबायचं.