संशोधन अनुदानाचा अर्ज: पात्रता, कागदपत्रं आणि ते एक पान

अर्ज तुम्ही भरता, पण अनुदान मिळतं ते तुमच्या संस्थेला. मंजुरीपत्र डीन किंवा संचालकांच्या नावे निघतं, पैसे संस्थेच्या खात्यात जमा होतात आणि हिशेब संस्थेचा लेखा विभाग देतो. नव्या संशोधकांचे कित्येक अर्ज समीक्षकापर्यंत पोचण्याआधीच अडकतात, ते ही गोष्ट उशिरा कळल्यामुळे. म्हणून नागपूरचं सरकारी मेडिकल कॉलेज, मेयो, मिहानचं एम्स, हिंगण्याकडचं खासगी कॉलेज किंवा गडचिरोलीत काम करणारी एखादी संस्था, यांपैकी कुठे नोकरीला आहात हे आधी पाहायचं. विषय नंतर.

आपण बसतो का?

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) एक्स्ट्राम्युरल, म्हणजे बाहेरच्या संस्थांना निधी देणाऱ्या योजनेत लहान अनुदानाची कमाल मर्यादा २ कोटी रुपये आहे आणि मध्यम अनुदान २ ते ८ कोटींचं. प्रमुख संशोधक नियमित पदावर हवा. बॉन्डवरचे सीनियर रेसिडेंट, करारावरचे सहायक प्राध्यापक किंवा दुसऱ्याच्या प्रकल्पावर नेमलेले संशोधक इथे प्रमुख संशोधक म्हणून चालत नाहीत. त्यांनी विभागातल्या कायम प्राध्यापकांना प्रमुख करावं, स्वतः सह-संशोधक व्हावं आणि कोणतं काम कोणाचं हे प्रस्तावात नावानिशी लिहून घ्यावं. सरांचा शब्द आहे म्हणून हे सोडून देऊ नका. पुढच्या अर्जात ‘हा भाग माझा होता’ असं दाखवायला तोच कागद लागतो.

खासगी कॉलेज आणि एनजीओंना याशिवाय डीएसआयआरची (केंद्राच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन विभागाची) मान्यता दाखवावी लागते. ती मिळवायला महिने जातात, त्यामुळे जाहिरात निघाल्यावर चौकशी करून उपयोग नाही.

नियमित पदावर नुकतेच रुजू झालेल्यांना एएनआरएफचं (अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचं) पंतप्रधान अर्ली करिअर अनुदानही पाहता येईल: ३ वर्षांसाठी ६० लाखांपर्यंत, वयोमर्यादा ४२. नोकरीच नसेल तर २००८ पासून चालणाऱ्या डीबीटी (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) आणि वेलकम ट्रस्ट यांच्या इंडिया अलायन्सची ५ वर्षांची अर्ली करिअर फेलोशिप जास्त सोयीची. तिच्यात तुमचा पगारही धरलेला असतो आणि तुम्हाला फक्त यजमान संस्था लागते. इथे एक गफलत नेहमी होते. लंडनच्या वेलकमचा ‘अर्ली-करिअर अवॉर्ड’ अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांना खुला आहे हे वाचून लोक कामाला लागतात. त्याच नियमात पुढे भारत वगळलेला आहे, कारण भारतासाठी इंडिया अलायन्सची वेगळी सोय आहे.

पैसा बाहेरून येणार असेल तर

परदेशी निधीसाठी एफसीआरए, म्हणजे परदेशी योगदान नियमन कायद्याखालची नोंदणी लागते. केंद्र वा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या आणि कॅगकडून लेखापरीक्षण होणाऱ्या संस्थांना तिच्यातून सूट आहे. आपली संस्था यात मोडते का, हे लेखा विभागाकडून लेखी घ्या. २०२० च्या दुरुस्तीने तीन गोष्टी बदलल्या. परदेशी रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरते, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो आणि एका संस्थेने घेतलेली परदेशी रक्कम दुसऱ्या संस्थेला देता येत नाही.

यातला तिसरा बदल सगळ्यात महाग पडतो. नागपूरच्या संस्थेने निधी घ्यायचा आणि त्यातला वाटा सेवाग्राम किंवा गडचिरोलीच्या सहयोगी संस्थेला द्यायचा, अशी मांडणी आजही प्रस्तावांत दिसते. ती चालत नाही. प्रत्येक संस्थेने निधी देणाऱ्याशी थेट करार करायला हवा, आणि बजेटमध्ये तशीच विभागणी आधीपासून हवी.

परदेशी निधी किंवा परदेशी सहयोगी असेल, अथवा रक्ताचे नमुने बाहेर जाणार असतील, तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची, म्हणजे एचएमएससीची मंजुरी लागते. तिचं कामकाज आयसीएमआर पाहते. ती मिळेपर्यंत काम सुरू करता येत नाही, तेव्हा वेळापत्रकातल्या पहिल्या तिमाहीत ‘रुग्ण नोंदणी’ लिहू नका. अमेरिकेच्या एनआयएचला (राष्ट्रीय आरोग्य संस्थांना) अर्ज करायचा तर संस्थेची सॅम, म्हणजे अमेरिकी सरकारच्या पोर्टलवरची नोंदणी लागते आणि भारतीय संस्थेला त्याआधी एनकेज कोड (संस्थेचा ओळख क्रमांक) काढावा लागतो. संस्थेच्या नावाचं स्पेलिंग आणि पत्ता दोन्हीकडे तंतोतंत सारखे हवेत. एकीकडे ‘रोड’ पूर्ण आणि दुसरीकडे संक्षेपात लिहिला, एवढ्यावरून नोंदणी परत येते.

ते एक पान

एनआयएचच्या अर्जात उद्दिष्टांना एकच पान मिळतं. इतर ठिकाणी सक्ती नसली तरी सुरुवात याच पानापासून करा. समीक्षकाकडे अर्जांचा गठ्ठा असतो, आणि हे पान वाचून झालं की त्याचं मत बरंचसं बनलेलं असतं.

विदर्भातलं उदाहरण घेऊ. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झालं आणि ० ते ४० वयोगटातल्या ७ कोटी लोकांची तपासणी त्यात धरलेली आहे. तपासणीनंतर हायड्रॉक्सीयुरिया हे औषध सुरू झालेली मुलं ते नियमित घेतात का, हा प्रश्न चांगला आहे. पण पहिल्या मसुद्यात उद्दिष्ट बहुधा असं येतं: ‘सिकलसेलग्रस्त बालकांमधील औषधोपचाराच्या विविध पैलूंचा अभ्यास करणे.’ यात किती मुलं, कुठली, किती दिवस आणि काय मोजणार, यातलं काहीच नाही. तेच असं लिहा: ‘आशा सेविकेने दर १५ दिवसांनी गृहभेट दिल्यास, ६ महिन्यांनंतर ८० टक्क्यांहून जास्त गोळ्या घेणाऱ्या ५ ते १४ वर्षांच्या मुलांचं प्रमाण ५० वरून ७० टक्क्यांवर जातं का, हे तपासणे.’ आता हे जमलं की नाही, ते कोणालाही सांगता येईल. अशी दोन उद्दिष्टं पुरतात. एक कोसळलं तरी दुसरं उभं राहील अशी त्यांची रचना हवी. ‘आधी तपासणीचं साधन तयार करू, ते जमलं तर चाचणी’ अशी साखळी समीक्षक लगेच हेरतात.

अर्ज इंग्रजीत जातो, पण संमतीपत्र मराठीत आणि गडचिरोलीत काम असेल तर गोंडीतही लागतं. ते शेवटी भाषांतर करून घेण्याऐवजी पहिल्याच आठवड्यात लिहायला बसा. किती मिली रक्त घेणार, किती वेळा यायचं, एसटीचं भाडं कोण देणार, रिपोर्ट खराब आला तर कुठे पाठवणार: या प्रश्नांची उत्तरं तिथे टाळता येत नाहीत, आणि अभ्यासाच्या आराखड्यातली भोकं तिथेच उघडी पडतात. मुलांच्या बाबतीत पालकांच्या संमतीखेरीज ७ ते १२ वयाच्या मुलाची तोंडी आणि १२ ते १८ वयाच्या मुलाची लेखी अनुमती घ्यायची असते. दोन्हींचे नमुने अर्जाबरोबर लागतात.

आकडा कुठे चुकतो

सॅम्पल साइझ संख्याशास्त्रज्ञाकडून शेवटच्या दिवशी ‘काढून’ आणली की ती उद्दिष्टाशी जुळत नाही. वरचंच उदाहरण धरू. ५० वरून ७० टक्के हा फरक ८० टक्के पॉवर (खरा फरक पकडण्याची शक्यता) आणि ५ टक्के अल्फा (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) धरून पकडायचा तर प्रत्येक गटात ९१ मुलं लागतात. २० टक्के मुलं मध्येच सुटतील असं मानलं की बरेच जण ९१ ला १.२ ने गुणून ११० लिहितात. हे चूक आहे. ११० मधून २० टक्के गेले की ८८ उरतात. ९१ ला ०.८ ने भागायचं, म्हणजे ११४.

एवढ्यावर भागत नाही. आशा सेविकेची भेट हा गावपातळीवरचा उपाय आहे, तेव्हा गट मुलांचे पडणार नाहीत, प्राथमिक आरोग्य केंद्रांचे पडतील. एकाच केंद्राखालची मुलं एकमेकांसारखी वागतात. प्रत्येक केंद्रात २० मुलं आणि आयसीसी (एका केंद्रातल्या मुलांमधल्या सारखेपणाचं माप) ०.०५ धरला तर डिझाइन इफेक्ट (संख्या किती पट वाढवायची तो आकडा) १ + १९ × ०.०५, म्हणजे १.९५ येतो. ११४ चे २२३ झाले. २० च्या हिशेबाने प्रत्येक गटात १२ आणि एकूण २४ आरोग्य केंद्रं लागतील. आता विचारा: २४ केंद्रांत प्रत्येकी २० मुलं खरंच आहेत का? नसतील तर उद्दिष्ट बदलायचं, आकडा दाबायचा नाही.

फरक जितका लहान, तितकी संख्या मोठी. नागपूरच्या लता मेडिकल रिसर्च फाउंडेशनचं केंद्र स्त्री आणि बाल आरोग्य संशोधनाच्या ज्या ग्लोबल नेटवर्कमध्ये आहे, त्याने ६ देशांत पहिलटकरणींना रोज ८१ मिलिग्रॅम ॲस्पिरिन देऊन चाचणी घेतली. तिचे निकाल २०२० मध्ये आले. मुदतपूर्व प्रसूतीचं प्रमाण ॲस्पिरिन नसलेल्या गटात १३.१ टक्के होतं आणि ॲस्पिरिनच्या गटात ११.६ टक्के. दीड टक्क्याचा हा फरक दाखवायला ११,९७६ स्त्रिया लागल्या. तुमच्या विभागात वर्षाला २०० रुग्ण येत असतील तर असा प्रश्न तुमच्यासाठी नाही.

बजेट

आकडे फुगवणं जितकं वाईट तितकंच ते लाजून कमी लिहिणं, आणि नवे लोक दुसरी चूक जास्त करतात. समजा प्रकल्प तंत्र साहाय्यकाचं मूळ मानधन २८,००० आहे. घरभाडे भत्त्यासाठी नागपूर वाय वर्गातलं शहर. घरभाडं २० टक्क्यांनी ५,६००, एकूण ३३,६००. २४ महिन्यांचे ८,०६,४०० रुपये. घरभाडं विसरलं तर त्या एका माणसामागेच १,३४,४०० ची तूट येते आणि ती नंतर भरून मिळत नाही. पदांची नावं आणि मानधन त्या-त्या संस्थेच्या चालू परिपत्रकातूनच घ्या. जुन्या प्रस्तावातून उतरवलेलं ‘जेआरएफ’ (ज्युनियर रिसर्च फेलो) आयसीएमआरच्या रकान्यात बसत नाही.

नागपूर ते गडचिरोली एका बाजूने सुमारे १७० किलोमीटर. फेऱ्या किती, गाडी भाड्याची की संस्थेची, मुक्काम आहे का, हे गुणाकार करून दाखवा. ‘प्रवास: २ लाख’ एवढंच लिहिलं की तो रकाना निम्म्यावर येतो. सिकलसेलसाठी सोल्युबिलिटी चाचणी आणि पक्क्या निदानासाठीचं एचपीएलसी यांचे दर वेगळे, संख्याही वेगळी. दोन्ही एकाच ओळीत घालू नका. यंत्रसामग्री मागायची तर ‘विभागात नाही’ हे कारण पुरत नाही. मेडिकल, एम्स किंवा विद्यापीठात ते यंत्र असेल तर समीक्षक तिथेच बोट ठेवतो.

कागदपत्रं आणि परवानग्या

संस्थेकडून प्रमुखांच्या सहीचं हमीपत्र, तुमच्या नियुक्तीचा दाखला, पॅन, पीएफएमएस (सरकारी निधी वितरणाची प्रणाली) नोंदणी आणि बँकेचा तपशील घ्या. एनजीओ असेल तर नीती आयोगाच्या पोर्टलवरचा दर्पण क्रमांक, डीएसआयआर प्रमाणपत्र आणि लेखापरीक्षित ताळेबंदही. सहयोगी संस्थेचं पत्र त्यांच्या लेटरहेडवर हवं, त्यात ते नेमकं काय देणार तेही हवं. ‘आमच्या शुभेच्छा’ छापाच्या पत्राला किंमत नसते.

एथिक्स कमिटीची नोंदणी दोन प्रकारची असते. औषधांच्या चाचण्यांसाठी सीडीएससीओकडे (केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेकडे) आणि इतर जैववैद्यकीय व आरोग्य संशोधनासाठी आरोग्य संशोधन विभागाकडे. आपल्या कमिटीची कोणती आहे आणि मुदत संपलेली नाही ना, हे सदस्य-सचिवांना विचारा. कमिटीच्या बैठकीला किमान ५ सदस्यांचा कोरम लागतो. दिवाळी आणि परीक्षांच्या हंगामात तो जमत नाही आणि बैठक पुढे जाते. चाचणी असेल तर पहिल्या रुग्णाआधी सीटीआरआयवर (चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत) नोंदणी हवी. ती फुकट आहे, पण शंका-उत्तरांत आठवडे जातात.

प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करायचं तर तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचा होकार पुरत नाही. जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी आणि एकाहून जास्त जिल्हे असतील तर आरोग्य सेवा उपसंचालक, नागपूर मंडळ यांचं पत्र घ्या. आश्रमशाळांसाठी आदिवासी विकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे वेगळा अर्ज लागतो. आवक क्रमांकाची पोच ठेवा. अधिकाऱ्यांची बदली झाली की फाइल त्या क्रमांकावरूनच सापडते.

मुदतीच्या १० आठवडे आधी एक पान तयार, ८ आठवडे आधी ते दोन बाहेरच्यांनी वाचलेलं, ६ आठवडे आधी बजेट लेखा विभागाकडे आणि ३ आठवडे आधी सगळा संच संस्थाप्रमुखांच्या टेबलावर, अशी उलटी मोजणी करा. सही बाकी असताना डीन मुंबईला बैठकीला गेले, हा प्रसंग दर फेरीत कुणाच्या तरी वाट्याला येतोच.

मंजुरीनंतर भरतीची जाहिरात, मुलाखती आणि रुजू होणं यात तीनेक महिने जातात, त्यामुळे पहिल्या वर्षी पैसे उरतात. उरलेली रक्कम जीएफआर (केंद्राचे सर्वसाधारण वित्तीय नियम) १२-ए नमुन्यातल्या उपयोगिता प्रमाणपत्रात आणि खर्चाच्या विवरणात दाखवल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. दोन्ही कागदांतले आकडे पैशापर्यंत जुळले पाहिजेत, व्याजासकट. ३१ मार्चनंतर लेखा विभागात जाऊन बसायचा दिवस आत्ताच डायरीत लिहून ठेवा, आणि पोर्टलवर संस्थेबरोबर स्वतःचा कायमचा ईमेलही टाका. नोकरी बदलली तरी प्रकल्पावरच्या शंका जुन्याच पत्त्यावर येत राहतात.