उलामा आणि मेसोअमेरिकेतला चेंडूचा खेळ

मेसोअमेरिका म्हणजे साधारण आजचा मध्य आणि दक्षिण मेक्सिको, ग्वातेमाला, बेलीझ आणि होंडुरास-एल साल्वादोरचा बराचसा भाग. इथे किमान साडेतीन हजार वर्षांपासून भरीव रबराच्या जड बॉलने एक खेळ खेळतात, आणि त्याच्या सगळ्यात प्रसिद्ध प्रकारात बॉलला ना हात लावायचा ना पाय, फक्त खुब्याने मारायचा. अ‍ॅझ्टेक लोक त्याला ओल्लामालिझ्तली म्हणायचे, माया लोक पिट्झ, आणि आज मेक्सिकोच्या सिनालोआ राज्यात तो उलामा म्हणून ओळखला जातो.

नेटवर हा खेळ शोधला की आधी नरबळीच समोर येतो. तो भाग खोटा नाही, मेक्सिकोतल्या चिचेन इत्झा या माया शहरातल्या भल्यामोठ्या खेळाच्या कोर्टच्या (सुमारे 168 मीटर लांब, 70 मीटर रुंद) भिंतीवर मुंडकं उडवलेला खेळाडू कोरलाय आणि त्याच्या मानेतून रक्ताच्या धारा साप बनून निघतायत. माया लोकांच्या पोपोल वूह ग्रंथातले जुळे भाऊ हुनाहपू आणि श्बालांके तर पाताळातल्या देवांशी हाच खेळ खेळतात. पण आतापर्यंत 1,300 च्या वर कोर्टं सापडलीयत, आणि तेवढ्या सगळ्या ठिकाणी रोज बळी जात होते असं समजणं म्हणजे या लोकांवर अन्यायच आहे. खेळ म्हणून, पैज म्हणून, सणाला, दोन गावांतली चुरस म्हणून लोक खेळायचेच की. सोळाव्या शतकातला स्पॅनिश धर्मगुरू दिएगो दुरान लिहून गेलाय की लोक दागिने, कपडे आणि शेवटी स्वतःलाही पणाला लावून गुलाम व्हायचे, आणि बॉल लागून खुब्यावर साकळलेलं रक्त चाकूने चीर देऊन काढावं लागायचं.

खरी कमाल मला वाटते ती बॉलची. मेक्सिकोच्या वेराक्रुझ राज्यातल्या एल मनातीच्या दलदलीत जे रबरी बॉल मिळाले ते इसवी सनापूर्वी 1600 च्या आसपासचे आहेत. रबराच्या झाडाचा नुसता चीक सुकवला तर तो ठिसूळ होतो, म्हणून त्यात मॉर्निंग ग्लोरीच्या जातीतल्या, रात्री पांढरी फुलं येणाऱ्या एका वेलीचा रस मिसळायचे, मग घट्ट, लवचिक गोळा तयार व्हायचा आणि तो जबरदस्त उसळायचा. अमेरिकी संशोधक चार्ल्स गुडइयरने गंधक घालून रबर पक्कं केलं ते 1839 मध्ये, म्हणजे हे लोक त्याच्या तीन हजार वर्षं आधीपासून आपल्या पद्धतीने हेच काम करत होते! अ‍ॅझ्टेक राजधानीला एका प्रांतातून खंडणी म्हणून 16,000 रबरी बॉल यायचे अशी नोंद मेंडोझा कोडेक्स या सोळाव्या शतकातल्या अ‍ॅझ्टेक चित्रग्रंथात आहे.

1528 मध्ये अ‍ॅझ्टेक साम्राज्य जिंकणाऱ्या स्पॅनिश सेनानी कोर्तेसने काही खेळाडू स्पेनला नेले, तिथे क्रिस्टोफ वायडिट्झ या जर्मन चित्रकाराने त्यांची चित्रं काढली, कमरेला कातडं बांधून, बूड मागे काढून उसळत्या बॉलकडे झेपावणारे दोघं. युरोपने इतका उसळणारा बॉल पाहिलाच नव्हता. इकडे मेक्सिकोत मात्र स्पॅनिश पाद्र्यांना त्यात मूर्तिपूजा दिसली आणि बहुतेक ठिकाणी खेळ बंद पाडला गेला.

सिनालोआत तो टिकला. तिथे मातीचं लांबट अरुंद मैदान असतं, त्याला तास्ते म्हणतात, काही जुन्या कोर्टांच्या भिंतीत असायची तशी दगडी रिंग वगैरे नाही, बॉल तीन-चार किलोचा. खेळाडू हरणाच्या कातड्याचं आवरण आणि पट्टे कमरेला करकचून बांधतात, खाली आलेला बॉल घ्यायला जवळजवळ जमिनीवर घसरतात, आणि मिळवलेले पॉइंट परत जाऊ शकतात त्यामुळे मॅच कितीही लांबते. कोपराखालच्या हाताने आणि लाकडी फळीने खेळायचेही प्रकार आहेत. आता मुलीही खेळतात. अडचण बॉलचीच आहे, रबराची झाडं दूर दक्षिणेत, त्यामुळे चांगला बॉल महाग पडतो आणि लोक तो जिवापाड जपतात.

दक्षिण मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यात पेलोता मिश्तेका नावाचा चेंडूचा आणखी एक खेळ आहे, त्यात खिळे ठोकलेला, काही किलो वजनाचा जाड चामडी ग्लोव्ह हातात घालून बॉल मारतात, आणि तिथून कामासाठी कॅलिफोर्नियात गेलेली मंडळी सुट्टीच्या दिवशी तिकडेही मैदान आखून खेळतात.